‘नोकरी’ लिहून भागत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कारखान्यातल्या अपघाताच्या बातमीत जखमींचे नाव असते, वय असते; कामाच्या जागी मात्र ‘कामगार’ एवढेच. दवाखान्याच्या केसपेपरवर ‘नोकरी’, विम्याच्या अर्जावर ‘व्यवसाय’, सर्वेक्षणात ‘प्रायव्हेटमध्ये’. पोटापाण्यासाठी आपण काय करतो, याची लोकांनी दिलेली उत्तरे वाचून त्यांना वर्गवारीचे आकडे लावणारी आम्ही माणसे. उत्तर देणारा खोटे सांगत नसतो, तरी त्या उत्तराचे पुढे काहीच करता येत नाही. त्याबद्दल थोडे तपशिलात लिहीत आहोत.

यासाठी जगभर आधाराला घेतली जाते ती आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची २००८ ची वर्गवारी, म्हणजे इस्को-०८. तिच्यात १० मुख्य गट, ४३ उपगट, त्याखाली १३० लहान गट आणि सर्वात खाली ४३६ घटक गट आहेत. प्रत्येक घटक गटाला चार आकडी क्रमांक. पहिला आकडा मुख्य गट सांगतो : १ व्यवस्थापक, २ उच्च व्यावसायिक, ७ कारागीर, ८ यंत्रचालक, ९ साधी अंगमेहनतीची कामे. पुढचा प्रत्येक आकडा काम अधिक नेमके करत जातो. उत्तर मोघम असेल तर पुढचे आकडे मोकळे सोडावे लागतात. ‘नोकरी’ या उत्तरात पहिला आकडासुद्धा सापडत नाही.

‘मोल्डिंगला आहे’ हे उत्तर घ्या. ऐकायला नेमके वाटते. पण फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, वाळूचा साचा करणारा मोल्डर ७२११ मध्ये जातो. प्लास्टिकच्या कारखान्यात इंजेक्शन मोल्डिंगचे मशिन चालवणारा ८१४२ मध्ये. त्या मशिनला लागणारा पोलादी साचा टूलरूममध्ये घडवणारा ७२२२ मध्ये. तिघेही घरी ‘मोल्डिंगला जातो’ असेच सांगतात. आता यातल्या पहिल्याच्या छातीत धूळ जाते. फाउंड्रीच्या वाळूत स्फटिकी सिलिका असते. साचा फोडून ओतीव नग बाहेर काढताना आणि त्यावरची चिकटलेली वाळू ग्राइंडरने साफ करताना, म्हणजे फेटलिंगला, तिची बारीक धूळ उडते. तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार बहुधा दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ धूळ खाल्ल्यावर दिसतो, आणि एक्स-रेवर तो क्षयासारखा भासू शकतो. शिवाय सिलिकोसिस झालेल्याला क्षय होण्याचा धोकाही वाढतो. केसपेपरवर ‘मोल्डिंग’ आहे, पण वाळूचे की प्लास्टिकचे हे नाही, म्हटल्यावर डॉक्टरांना सिलिकाची शंका यावी कुठून?

यात नवे काहीच नाही. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली सांगून ठेवले आहे की, प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसने रोग्याला विचारायला सांगितलेल्या प्रश्नांत आणखी एकाची भर घाला : तुम्ही काय काम करता? तीनशे वर्षांनंतर हा प्रश्न छापलेला असतो. उत्तराला जागा दीड इंच असते, ही गोष्ट वेगळी.

वयस्कांच्या बाबतीत त्या दीड इंचात ‘निवृत्त’ लिहून मोकळे होतात. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग वीस ते चाळीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा डोके वर काढतो. म्हणजे माणूस निवृत्त झाल्यावरच. त्यामुळे शेवटचे काम विचारूनही पुरत नाही. आयुष्यात सर्वाधिक वर्षे कोणते काम केले आणि त्याआधी-नंतर काय केले, ते वर्षांसह लिहायला हवे.

गोंधळाचे मूळ असे की तीन वेगळे प्रश्न एकाच रकान्यात कोंबले जातात. माणूस स्वतः काय करतो, हा पहिला. तो जिथे काम करतो तिथे काय तयार होते किंवा कोणती सेवा दिली जाते, हा दुसरा. आणि तो पगारी आहे, स्वतःचा धंदा करतो की घरच्या धंद्यात बिनपगारी हातभार लावतो, हा तिसरा. ‘हॉस्पिटलमध्ये आहे’ हे दुसऱ्याचे उत्तर झाले. तिथे ड्रायव्हर, हिशेबनीस, परिचारिका सगळेच असतात. ‘स्वतःचा व्यवसाय’ हे तिसऱ्याचे. ऑनलाइन अर्जातली यादी बघा : शासकीय नोकरी, खासगी नोकरी, व्यवसाय, गृहिणी, विद्यार्थी, इतर. यात पहिल्या प्रश्नाचे उत्तर द्यायची सोयच नाही! तिसऱ्या प्रश्नातही आता बारकावे आले आहेत. रोजगाराच्या प्रकारांसाठी असलेल्या २०१८ च्या वेगळ्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत ‘अवलंबी कंत्राटदार’ असा वेगळा प्रकार आहे : कागदोपत्री स्वतंत्र, पण काम आणि दर दुसऱ्याच्या हातात. ॲपवरून डिलिव्हरी करणारे अनेक जण यात बसू शकतात.

हुद्द्यावर विसंबावे तर तोही दगा देतो. ‘सुपरवायझर’ या एका शब्दाला किती वाटा फुटतात पाहा. बांधकामावरचा ३१२३, कारखान्यातला ३१२२, कार्यालयातल्या कारकुनांवर देखरेख करणारा ३३४१, दुकानातला ५२२२, सफाई कर्मचाऱ्यांवरचा ५१५१. कोणाच्या कामावर देखरेख, हे कळल्याशिवाय आकडा लागत नाही. ‘ऑपरेटर’चेही तेच : क्रेनचा ८३४३, टेलिफोन स्विचबोर्डचा ४२२३. ‘मॅनेजर’ तर आता कार्डावर कोणीही छापतो. पहिल्या गटात जायला नियोजन, खर्चाचे निर्णय, इतरांच्या कामाची दिशा ठरवणे हे प्रत्यक्ष करावे लागते. दिवसभर फोनवरून माल विकणाऱ्याला कंपनीने मॅनेजर म्हटले, तरी त्याचे काम विक्रीचेच.

पदवीचेही तसेच. इंजिनिअरिंग शिकलेला माणूस दुकानात काउंटरवर विक्री करत असेल, तर तो ५२२३. वर्गवारी कामाची आहे, माणसाच्या शिक्षणाची नाही. हे सांगितले की काही जण दुखावतात, त्याला आमचा इलाज नाही.

मग लिहावे कसे? क्रियापदापासून सुरुवात करावी. काय करतो (शिवतो, जोडतो, तपासतो, नोंदवतो), कशावर, कशाने, आणि ते कुठे. ‘इलेक्ट्रिकलचे काम’ याऐवजी ‘नव्या इमारतीत वायरिंग करतो आणि बोर्ड बसवतो’ लिहिले की ७४११. ‘जळालेल्या विजेच्या मोटारी उघडून दुरुस्त करतो’ लिहिले की ७४१२. ‘खांबावरच्या वीजवाहिन्या ओढतो, जोडतो’ लिहिले की ७४१३. सात-आठ शब्दांतच काम होते. ‘शिवणकाम’ लिहिणाऱ्यांत मापे घेऊन कपडा बेतणारा शिंपी ७५३१ आणि कारखान्यात रांगेत बसून मशिनवर दिवसभर एकच शिवण मारणारी कामगार ८१५३ असते. दोघांची कौशल्ये निराळी, हाता-पाठीची दुखणीही निराळी.

एकाच माणसाच्या हातात दोन-तीन कामे असली तर त्यालाही नियम आहे. ज्या कामाला अधिक कौशल्य लागते, ते धरायचे. वस्तू घडवून स्वतःच विकत असेल तर घडवण्याला प्राधान्य. मडकी करून विकणारा कुंभारच, विक्रेता नव्हे. नोकऱ्याच दोन असतील तर जिला सहसा अधिक तास जातात ती मुख्य, दुसरी वेगळी नोंदवायची. दुसरी बऱ्याचदा सांगितलीच जात नाही.

आणखी एक गळती घरातूनच होते. उत्तर देणारा एक आणि काम करणारी दुसरी. ‘ती घरीच असते’ असे सांगितले जाते आणि घरात बसून कंत्राटदाराचे नग शिवून देणारी बाई नोंदीतून नाहीशी होते. विचारणाऱ्याने ‘पैसे मिळतील असे काही तासभर तरी करतात का?’ असा खुंटा हलवून पाहिला तरच ते काम बाहेर येते. शक्य तिथे ज्याचे त्यालाच विचारावे.

आपल्या दैनिकाकडून अपेक्षा आहे ती बातमीदारांपुरती. अपघाताच्या वृत्तात ‘कामगार’ लिहिण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात : त्या क्षणी तो नेमके काय करत होता, आणि ते त्याचे रोजचे काम होते का. टाकीत उतरलेला माणूस रोज टाकी साफ करणारा होता की हेल्पर म्हणून आलेल्याला त्या दिवशी खाली पाठवले होते, यावर चौकशी कुठून सुरू करायची ते ठरते. बातमीत त्यासाठी एकच ओळ वाढेल.

आपले वाचक,
व्यवसाय-नोंदींचे कोडिंग करणारे काही जण