मोटर न्यूरॉन आजारात नुसता ऑक्सिजन घातक ठरू शकतो

महोदय,

मोटर न्यूरॉन आजाराच्या (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी झिजत जाण्याच्या आजाराच्या) रुग्णाला धाप लागू लागली की घरात सगळ्यात आधी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर येतो. पण या आजारात बहुधा फुप्फुसं धड असतात, दुबळे होतात ते श्वासपटल आणि छातीचे स्नायू. हवा पुरेशी आत-बाहेर होत नाही आणि कार्बन डायऑक्साइड साठत जातो. अशा वेळी नुसता ऑक्सिजन लावला की ऑक्सिमीटरवर ९६-९७ दिसतं, आणि रुग्ण मात्र गुंगीत जातो. घरच्यांना वाटतं, शांत झोप लागली.

गरज असते ती बायपॅपची, म्हणजे प्रत्येक श्वासाला मास्कमधून हवेचा जोर देणाऱ्या यंत्राची. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत, ज्यांच्या घशाचे स्नायू फार दुबळे नव्हते अशा रुग्णांचं आयुष्य त्याने सुमारे सात महिन्यांनी वाढलं. या आजारावर दिल्या जाणाऱ्या रिलुझोल गोळीचा फायदा साधारण दोन-तीन महिन्यांचा आहे. तरीही गोळी लगेच लिहून दिली जाते आणि श्वासाची तपासणी मात्र राहून जाते, याचं फार वाईट वाटतं.

धाप लागण्याआधीच खुणा दिसतात: सकाळी डोकं जड, दिवसा पेंग, उताणं झोपलं की गुदमरणं. दर तीन महिन्यांनी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून श्वासाची क्षमता मोजण्याची तपासणी, व्हावी, बसून आणि आडवं झोपवूनही; श्वासपटलाचा दुबळेपणा झोपवल्यावरच नीट कळतो. मास्कची सवय दिवसा, जागेपणी, १५-२० मिनिटांपासून लावावी. पहिल्याच रात्री आठ तास लावला की रुग्ण तो कायमचा नाकारतो. हवा गळते म्हणून पट्टे आवळत गेलं तर नाकाच्या हाडावर जखम होते. खरं तर मास्कचं मापच चुकलेलं असतं.

खोकल्याकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. खोकताना बाहेर पडणाऱ्या हवेचा जोर मिनिटाला २७० लिटरखाली गेला की कफ आपला आपण निघणं अवघड होतं. एकमार्गी झडपेची अम्बू बॅग, म्हणजे हाताने दाबून छातीत हवा भरायची पिशवी, कशी वापरायची ते फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावं. रुग्णाला बसवून, श्वास सोडू न देता बॅग दोन-तीनदा दाबायची, छाती भरली की खोकायला सांगायचं आणि त्याच क्षणी पोटावर आत-वर दाब द्यायचा. असं तीन ते पाच वेळा, सकाळ-संध्याकाळ. जेवणानंतर तासभर नाही. लाळ सुकवणारी गोळी चालू असेल तर कफ चिकट होऊन अडकतो, हेही ध्यानात ठेवावं.

अन्न देण्यासाठी पोटात बसवायच्या नळीचा निर्णय श्वासाची क्षमता अपेक्षेच्या ५० टक्क्यांखाली जाण्याआधी घ्यावा, कारण त्यानंतर नळी बसवताना दिलेली गुंगीच धोक्याची ठरते. नळी बसली म्हणजे तोंडाने खाणं बंद, असं नसतं. गिळणं सुरक्षित आहे तोवर चवीपुरतं खाता येतं.

न्यूरॉलॉजी विभागांनी निदानाच्या दिवशीच केसपेपरवर पहिल्या श्वसनतपासणीची तारीख लिहावी, ही कळकळीची विनंती.

— एक श्वसन फिजिओथेरपिस्ट