रविवारची बैठक : न्यूझीलंडने मतपत्रिका कशी बदलली

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी ठीक साडेदहाला वाचनालयाच्या वरच्या खोलीत अभ्यासवर्गाची बैठक आहे. विषय : मतांच्या प्रमाणात जागा.

१९८१ साली न्यूझीलंडमध्ये सोशल क्रेडिट पक्षाला जवळपास २१ टक्के मतं पडली आणि ९२ पैकी जागा मिळाल्या फक्त दोन! लेबरला नॅशनलपेक्षा जास्त मतं होती, तरी सरकार नॅशनलचंच आलं. पुढे १९८६ मध्ये शाही आयोगाने मिश्र पद्धत (काही जागा मतदारसंघांतून, बाकीच्या पक्षाच्या मतांच्या प्रमाणात) सुचवली, १९९३ च्या सार्वमतात सुमारे ५४ टक्के लोकांनी ती निवडली आणि १९९६ ची निवडणूक तिच्यानुसार झाली. मतदाराला दोन मतं : एक उमेदवाराला, एक पक्षाला.

आपणही तसंच मतदान करून पाहणार आहोत. त्यासाठी :

– पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर आणा. पक्षाची मतं १, ३, ५, ७ ने भागत जागा वाटायच्या आहेत. तोंडी जमत नाही, मी करून पाहिलंय.
– पाच टक्क्यांची अट (त्याहून कमी मतं पडलेल्या पक्षाला सहसा पक्षमतांतून जागा नाही) असावी की नसावी, यावर प्रत्येकाला तीन मिनिटं. घंटा वाजली की थांबायचं. (गेल्या वेळी काय झालं ते सगळ्यांना आठवतंय.)
– आपल्याकडच्या पक्षांचा प्रचार नको. २०१४ च्या लोकसभेत बसपला चार टक्क्यांवर मतं मिळूनही एकही जागा मिळाली नाही, असे दाखले चालतील.

येणार असल्यास शुक्रवारपर्यंत कळवा, मतपत्रिका तेवढ्याच छापायच्या आहेत. चहा आहे; मिसळ की पोहे, तेही मतदानानेच ठरेल.

– चिटणीस