रडारच्या जुन्या सर्किट बोर्डांचे काम नागपुरात यावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अंबाझरीच्या आयुध निर्माणीतली पिनाका रॉकेटे आणि बाजारगावचे नागास्त्र हे हल्लेखोर ड्रोन यांची बातमी आली की नागपूरकराची मान ताठ होते. व्हायलाच हवी. पण शत्रूचे ड्रोन मुळात ओळखायचे कसे, हा विषय निघाला की रडारसाठी बंगळूरचेच नाव पुढे येते. यात नागपूर का नसावे?

हे काम सोपे नाही. लहान ड्रोन आणि पक्षी यांचे रडारवरचे प्रतिध्वनी जवळपास सारखेच. फिरत्या पात्यांमुळे परतीच्या लहरीत जी सूक्ष्म थरथर येते, ती गोंगाटातून वेगळी काढली तरच फरक कळतो. दीडशे किलोमीटरवर जाऊन परतायला लहरीला फक्त एक मिलिसेकंद लागतो आणि मागून स्पंद येतच राहतात, त्यामुळे हिशेब तुंबून चालत नाही. आमची मुले संगणकावर मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये हे उत्तम करतात, पण तिथे घाई नसते. तेच एफपीजीए (हवे तसे सर्किट घडवता येणारी चिप) बोर्डावर उतरवताना प्रत्येक आकडा किती बिटांचा हे आधी ठरवावे लागते आणि बेरीज तेवढ्या बिटांत न मावता ओसंडली की लक्ष्यच हरवते. मग हार्डवेअरवाला कोडकडे बोट दाखवतो, कोडवाला बोर्डाकडे. दोघांना एका टेबलाशी बसवणारी प्रयोगशाळा आपल्या बहुतेक महाविद्यालयांत मी पाहिलेली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

वायुसेनेच्या मेन्टेनन्स कमांडचे मुख्यालय इथेच, वायुसेनानगरात आहे. रडार वीस-पंचवीस वर्षे सेवेत राहते. त्यातली चिप मात्र कितीतरी आधी बाजारातून जाते. अशा वेळी जुन्या बोर्डाच्या जागी तंतोतंत तसाच वागणारा नवा बोर्ड लागतो. परदेशी उत्पादकाकडे हात पसरण्यापेक्षा हे काम इथल्या तरुणांनी का करू नये? असे आपण पूर्वीही केले आहे: अमेरिकेने हवा तो क्रे महासंगणक नाकारला, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये परम ८००० हा आपला महासंगणक तयार झाला.

गोपनीयतेची अडचण मला मान्य आहे. पण सेवेतून काढलेले, गुप्त माहिती नसलेले बोर्ड विद्यार्थ्यांना देता येतील. व्हीएनआयटी ही इथली अभियांत्रिकी संस्था आणि मेन्टेनन्स कमांड यांनी एकत्र बसून येत्या शैक्षणिक वर्षापासून अंतिम वर्षाचे काही प्रकल्प तरी यावर द्यावेत, आणि पालकमंत्र्यांनी त्यासाठी पुढाकार घ्यावा, ही विनंती.

आपला,
इलेक्ट्रॉनिक्सचा एक निवृत्त प्राध्यापक, नागपूर