जिज्ञासा विभागासाठी आवाहन : सुटे अंक, पुस्तिका आणि कॅसेट हव्या आहेत

सप्रेम नमस्कार.

वाचनालयाचा जिज्ञासा विभाग आपणा सर्वांना ठाऊक आहे. विज्ञान, इतिहास, संगीत, अर्थकारण या विषयांवरची मासिके, सामान्य वाचकांसाठीची पुस्तके आणि व्याख्यानमालांच्या कॅसेट इथे जमल्या, त्या दात्यांमुळे. आपल्या ज्येष्ठ शिक्षिकाबाईंनी मासिकांची फाईल दिली, ती प्रत्येक वर्षाची विषयसूची हाताने लिहून. आजही संदर्भ शोधणारा आधी त्यांचीच वही उघडतो. दिवंगत अध्यक्षांच्या घरच्यांनी ध्वनिव्याख्यानांचे संच पुस्तिकांसह, मूळ क्रमाने दिले. बांधणी करणाऱ्या सभासदांनी आजवर मजुरी घेतली नाही. या सर्वांचे ऋण फिटणारे नाही.

मागच्या आवाहनानंतर मात्र आली ती बहुतेक जुनी परीक्षा-गाइडे आणि ओलीने चिकटलेले गठ्ठे. विभाग नेमाने वापरणाऱ्यांकडून एक सुटा अंकही येऊ नये, याचे वाईट वाटले.

मासिकाच्या बारा अंकांतला एक नसला की बांधणी अडते आणि क्रमशः लेखमाला मध्येच तुटते. वर्षाची सूची असलेला अंक गेला, तर लेख शोधायला सगळा खंड चाळावा लागतो. म्हणून एकच अंक असला तरी द्या. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. त्याचा चिकटा कागदात मुरतो आणि पट्टी काढताना अक्षरे निघून येतात. गंजलेल्या पिना उपटू नका. आम्ही त्या सोडवून सुती दोऱ्याने शिवतो.

कॅसेटचे काम तातडीचे आहे. जुन्या प्लेअरचा रबरी रोलर कडक किंवा चिकट झालेला असतो, तो फीत गुंडाळून घेतो. १२० मिनिटांच्या कॅसेटची फीत फार पातळ, ती लवकर ताणली जाते. तेव्हा 'चालते का बघू' म्हणून घरी वाजवू नका. फीत सैल असेल तर पेन्सिलीने आवळा आणि मागच्या कडेच्या दोन प्लास्टिक पट्ट्या मोडा, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. ९० मिनिटांच्या कॅसेटची संगणकावर प्रत करायला ९० मिनिटेच लागतात. आवाजाचा बारकावा टिकावा म्हणून ती वरच्या दर्जाची (२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ) साठवली तर सुमारे दीड जीबी होते. प्रती दोन वेगळ्या जागी ठेवायच्या, म्हणून दोन हार्ड डिस्क आणि चालू स्थितीतला एक कॅसेट डेक हवा. सोबतची पुस्तिका जरूर शोधा. वक्ता 'आकृती तीन पाहा' म्हणतो, तेव्हा ती हाताशी नसेल तर पुढचे काही कळत नाही.

देताना : आधी यादी (नाव, महिना, वर्ष, अंक क्रमांक) कळवा. गठ्ठे लहान, सुतळीऐवजी रुंद कापडी पट्टीने बांधलेले. कॅसेट डबीत, उभ्या, स्पीकरपासून दूर. बुरशी किंवा कसर दिसली तर वेगळी पिशवी, वर तसे लिहून. गाइडे नकोत. रोख देणगीवर 'जिज्ञासा विभाग' लिहा, पावती मिळेल. प्रत करताना शेजारी बसून ऐकणारे, विषय आणि वेळ टिपणारे स्वयंसेवकही हवेत. नावे वाचनालयाच्या वेळेत द्यावीत.

आपला,
कार्यवाह
(कार्यकारी मंडळाकरिता)