खेळानंतरची रात्र

नौपाडा, ठाणे

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

तुझ्या शुगरचा आकडा माझ्या मोबाईलवर दाखवणारं सेन्सरचं शेअरिंग तू बंद केलंस हे मला मंगळवारी रात्री कळलं. मोबाईल उघडला तर तुझा आकडाच नाही. आधी वाटलं, नेटवर्क गेलं असेल. सकाळी तूच फोन केलास, "आई, ग्राउंडवर असते तेव्हा तुझे चार-चार फोन येतात, मुली हसतात." बरं, नाही बघणार. पण आता कबड्डीच्या टीममध्ये नाव दिलंयस, तर तुझ्या डायबिटीसबद्दल इतकी वर्षं जे माझ्या डोक्यात होतं ते तुझ्या डोक्यात जायला हवं. फोनवर "हो गं, माहितीये" म्हणून उडवून लावतेस, म्हणून लिहायला बसले.

येऊर आठवतं? सातवीत होतीस. चार वाजता पोहे खाल्लेस, इन्शुलिनचा नेहमीचा पूर्ण डोस घेतलास आणि पाचला उपवनपासून सायकल चढावर घातलीस. मी मागून रिक्षाने. वरच्या वळणावर सायकल टाकून खाली बसलीस, ओठ पांढरे. मीटरवर 52. माझ्या पर्समध्ये निघाला आजीचा बेसन लाडू! तुपातली साखर रक्तात पोचायला वेळ लागतो, हे तेव्हा कोणाला माहीत होतं? शेवटी टपरीवाल्याने कपभर पाण्यात साखर ढवळून दिली तेव्हा तू बोललीस.

नंतर डॉक्टरांनी समजावलं. स्नायू कामाला लागले की ते स्वतःच रक्तातली साखर ओढतात. आपण धावायला लागलो की आपलं शरीर इन्शुलिन आपोआप कमी करतं. तुझं मात्र टोचलेलं, ते परत कसं घेणार? त्यात तासाभरापूर्वीचं, म्हणजे ऐन भरात आलेलं.

मला वाटलं, आजचं संकट टळलं. रात्री अडीचला उठले ते निव्वळ संशयाने. तुझी चादर घामाने ओली, शुगर 48. रिकामे झालेले स्नायू आपला साठा भरायला रात्रभर साखर घेत राहतात, दुसऱ्या दिवसापर्यंतसुद्धा. त्यानंतर तू ज्या ज्या दिवशी खेळलीस त्या रात्री मी अडीचचा गजर लावला. तुला कधी बोलले नाही.

आणखी एक बोलले नाही. पुढची दोन वर्षं मी भीतीपोटी तुझी शुगर चढीच ठेवली. खेळाच्या तासाला डब्यात जास्तीचा शिरा कशासाठी असायचा असं तुला वाटतं? आणि 250 आली की डॉक्टरांसमोर तुलाच ओरडायचे. बाबा बिचारे वसीम अक्रमचं सांगायचे, 1997 मध्ये त्याला डायबिटीस निघाला तरी 2003 चा वर्ल्ड कप खेळला म्हणून. तू तोंड वाकडं करायचीस, आणि मी शिऱ्यात आणखी एक चमचा साखर घालायचे.

आता तुझ्या नेरूळच्या दिवसाबद्दल. सकाळी उपाशीपोटी पाम बीच रोडला धावतेस तेव्हा अंगात जेवणाचं इन्शुलिन नसतं, म्हणून शुगर फारशी पडत नाही, कधी थोडी चढतेही. त्यावरून संध्याकाळच्या प्रॅक्टिसचा अंदाज बांधू नकोस. संध्याकाळच्या खाण्याचा डोस डॉक्टरांनी ठरवून दिलाय तसा निम्माच घ्यायचा, आणि तोही पोटावर. मांडीत घेऊन त्याच पायांनी पळालीस तर तो झपाट्याने लागू होतो. मॅटवर उतरताना आकडा 126 ते 180 मध्ये असला तर उत्तम. 90 च्या खाली असेल तर ग्लुकोज खा आणि थांब, कोच काहीही म्हणोत.

मॅचच्या दिवशी उलटंच होईल. नुसत्या धडधडीने शुगर वर जाते, अ‍ॅड्रेनलीन लिव्हरमधली साखर बाहेर काढतं. तो आकडा बघून पूर्ण करेक्शन, म्हणजे शुगर उतरवायचं जास्तीचं इन्शुलिन, टोचू नकोस, तासा-दोन तासांनी धाडकन खाली येशील. 270 च्या वर दिसली तर मात्र आधी कीटोन तपास, म्हणजे इन्शुलिन कमी पडलं की शरीर चरबी जाळून जे आम्ल बनवतं ते. कीटोन असतील तर खेळायचं नाही, यात घासाघीस नाही.

कबड्डीत घाम, धाप, थरथर हे सगळं असतंच, आणि शुगर लो झाल्यावरही नेमकं हेच होतं. म्हणून अंगावर भरवसा ठेवू नकोस. सेन्सरही अशा वेळी काही मिनिटं मागे असतो, तो 95 दाखवेल आणि बोट टोचलंस तर 68 निघेल. शंका आली की रेड अर्धी सोडून बाहेर ये. 15 ग्रॅम ग्लुकोज, किंवा तीन-चार चमचे साखर पाण्यात, 15 मिनिटांनी परत तपास. चॉकलेट नाही, पेढा नाही.

आणि रात्र. प्रॅक्टिस जोरात झाली असेल तर ग्लार्जिन, म्हणजे दिवसभर पुरणारं इन्शुलिन, 20 टक्के कमी, हे डॉक्टरांनी तुझ्यासमोरच लिहून दिलंय, तो कागद कपाटाच्या दारावर लाव. झोपताना आकडा बघ. सेन्सरच्या लो अलार्मचा आवाज बारीक करू नकोस. आणि खोलीतल्या मुलीला सांग. सांगितलं नसशीलच, मी तुला ओळखते. तिला एवढंच कळू दे: मनू बरळली, चिडचिड करायला लागली तर भांडायचं नाही, साखरपाणी द्यायचं. शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि 108 ला फोन लावायचा.

रविवारी दहाच्या सुमाराला ठाणे-नेरूळ लोकलने येते. स्ट्रिप्सचे दोन डबे आणि कीटोनच्या पट्ट्या आणते. शेअरिंगचा विषय काढणार नाही. पण तुझ्या रूममेटशी ओळख करून दे. तिला काय आवडतं ते कळव, तिच्यासाठीही डबा आणते.

तुझी,
आई

ता. क. इन्शुलिनचं पेन ग्राउंडवरच्या बॅगेत उन्हात टाकू नकोस. मागच्या मे महिन्यात त्यापायीच तीन दिवस शुगर उतरत नव्हती, आणि आपण उगाच आमरसाला दोष देत होतो.