काका, त्या बारा रात्रींसाठी

काका, आज सकाळी ओढ्याकडच्या कॅमेऱ्याचं कार्ड काढलं आणि सगळे फोटो एकेक करून बघितले. ४१ रात्री झाल्या. ससे आहेत, एक कोल्हा आहे, वाऱ्याने हललेलं गवत तर किती वेळा आहे ते मोजलंच नाही, पण रानडुक्कर एकही नाही. तुम्हाला फोन केला असता तर तुम्ही "बरं झालं" म्हणून लगेच दुसरा विषय काढला असता हे मला माहितीये, म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण ज्यांच्या रानात आत्ता डुकरांचा हा त्रास चालू आहे त्यांच्यापर्यंत तुमचं म्हणणं पोचायला हवं.

तुम्ही पहिल्यांदा आलात तो दिवस आठवतो का? आदल्या रात्री नवीन पेरलेला मका गेला होता. नुसता तुडवला नव्हता, सरी धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दाणा न् दाणा वेचून खाल्ला होता, जणू कुणी पेरणीयंत्र उलटं चालवलंय. बांधाकडची जमीन तर हातभर उकरलेली, ढेकळं उलटी पडलेली, पाण्याचा पाईप दोन ठिकाणी उखडलेला. बाबा गेल्यावर ही जमीन माझ्याकडे आली, तिचं पहिलंच वर्ष, आणि मी बांधावर बसून रडत होते. तुम्ही काही समजूत वगैरे घातली नाहीत, म्हणालात "ऊठ, चप्पल बदल, बूट घाल, आपण जरा फिरून येऊ".

दोन तास फिरलो आपण आणि तेवढ्यात मला माझंच रान नव्याने दिसलं. ओढ्याच्या कडेचं ते चिखलाचं डबरं मी कितीदा बघितलं होतं, पण ते डुकरांनी लोळून लोळून केलेलं आहे, त्यांना आपल्यासारखा घाम येत नाही म्हणून अंग गार ठेवायला चिखल लागतो, हे तुम्ही सांगेपर्यंत कळलं नव्हतं. मग बाजूच्या झाडांच्या बुंध्यावर वाळलेला चिखल दाखवलात, अंग घासल्याची खूण, आणि ती कुठल्या उंचीपर्यंत आहे त्यावरून जनावर केवढं असेल ते सांगितलंत. ठसे दाखवलेत, हरणाच्या खुराची टोकं निमुळती आणि डुकराची बोथट, मऊ मातीत मागची दोन छोटी नखंही उमटतात. कुंपणाच्या खालच्या तारेत अडकलेले राठ केस दाखवलेत. म्हणालात "हा यांचा येण्याचा रस्ता, रोजचा आहे. आता मला सांग, आत्तापर्यंत काय काय केलंत?"

मी सांगितलं. डबे बडवले, फोकस मारला, रात्रभर रेडिओ चालू ठेवला, ओळखीच्यांचे कुत्रे सोडले, आणि एकदा एकाला बंदूक घेऊन बोलावलं, त्याने कळपावर गोळी झाडली, एक पडलं, बाकीचे पळाले. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "म्हणजे एक मारून बाकीच्यांना शहाणं केलंत." त्या वेळी मला ते लागलं काका, खोटं कशाला बोलू. पण खरं तेच होतं. त्या गोळीनंतर ती संध्याकाळची यायची बंद झाली आणि मध्यरात्रीनंतर यायला लागली, आणि एका जागी यायची ती तीन जागी यायला लागली.

नंतर ओट्यावर बसून तुम्ही हिशोब मांडलात तो मी वहीत लिहून ठेवलाय. मादी सहा ते आठ महिन्यांची झाली की वयात येते, गाभण राहिली की साधारण ११५ दिवसांनी विते, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस, एका वेताला बहुतेक चार ते सहा पिल्लं आणि खायला भरपूर असेल तर त्याहून जास्त, वर्षातून दोनदाही वेऊ शकते. मोठ्या डुकराला खाणारं जनावर फारसं कुठे उरलेलं नाही. म्हणून एखाद्या भागातली साधारण ७० टक्के डुकरं दरवर्षी कमी झाली तरच संख्या आहे तिथे थांबते असं म्हणतात. मी विचारलं मग महिन्याला एक-दोन मारून काय होतं, तर तुम्ही म्हणालात "राग शांत होतो, बाकी काही नाही". कळप हा माद्यांचा आणि त्यांच्या पिल्लांचा असतो, मोठे नर एकेकटे फिरतात, तेव्हा धरायचा तर अख्खा कळप एकदम धरायचा, एकही मादी बाहेर राहता कामा नये, कारण बाहेर राहिलेली परत त्या दारात पाय ठेवत नाही आणि पुढची पिल्लंही तिच्याच मागे चालतात.

आणि जाळीला हात लावायच्या आधी परवानगी. हे मी मुद्दाम लिहितेय. काही देशांत हा प्राणी उपद्रवी म्हणून सरसकट धरता येतो, काही ठिकाणी रानडुकराला कायद्याचं संरक्षण आहे आणि परवानगीशिवाय काहीही करणं गुन्हा आहे, त्यामुळे आधी तिथल्या कार्यालयात जाऊन विचारायचं. तुम्ही माझ्याबरोबर आलात, अर्ज तुम्ही सांगितलात, मी लिहिला. तिथे दोन खेपा फुकट गेल्या, तुमचा गुडघा दुखत होता, तरी तिसऱ्या खेपेलाही आलात.

मग तो कोंडवाडा. मला वाटलेलं चौकोनी पिंजरा असेल, पण तुम्ही म्हणालात कोपरा ठेवायचा नाही, घाबरली की ती कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि वरची उडी मारून निघून जाते, खालची चिरडतात. म्हणून गोल. दीड मीटर उंचीची वेल्डेड जाळी, भोकं एवढी बारीक की पिल्लू निसटू नये, जवळजवळ लोखंडी खांब ठोकलेले, आणि वरून पडणारं रुंद दार, रुंद अशासाठी की आत जाताना त्यांना दार आहे असं वाटूच नये. खांब ठोकताना माझ्या हाताला फोड आले होते आणि तुम्ही ते न बोलता बघितलंत आणि दुसऱ्या दिवशी येताना हातमोजे घेऊन आलात.

सुरुवातीला दार वर बांधून टाकलंत, पाडायचंच नाही. त्यांना सवय लागावी म्हणून आत नुसता आंबवलेला मका. त्या वासाचा मला त्रास व्हायचा, पण डुकराचं नाक फार तीक्ष्ण, लांबून वास घेतं, आणि आंबलेल्या दाण्याकडे हरणं वगैरे फार येत नाहीत, हे तुमचं गणित. पहिल्या तीन रात्री कुणीच आलं नाही. चौथ्या रात्री बाहेर फिरून गेली. पाचव्या रात्री दोन तरणी दारापर्यंत आली, बाहेर सांडलेला मका खाल्ला आणि गेली, आणि तुम्ही दुसऱ्या सकाळी तो मका थोडा आत सरकवलात, एक हात, बस्स.

सातवी रात्र मात्र मी विसरणार नाही. फोनवर कॅमेऱ्याचा फोटो आला, आत नऊ जनावरं, सगळी माना खाली घालून खातायत, आणि दार पाडायचं बटण माझ्या हातात. मी तुम्हाला रात्री दीड वाजता फोन केला, "काका, नऊ आहेत, पाडते". तुम्ही झोपेतून उठलात तरी आवाज अजिबात चढवला नाहीत, एवढंच विचारलंत, "फाटक्या कानाची कुठाय?" ती बाहेर होती. ती मोठी मादी आणि तिच्याजवळ आणखी एक, दोघी झाडीच्या कडेला उभ्या. बहुतेक त्या गोळीच्या रात्री तिनेच कळप बाहेर काढला असणार. तुम्ही म्हणालात "फोन ठेव बाजूला आणि झोप. ती आत येईल त्या दिवशी पाडू". मला झोप आली नाही, राग आला तुमचा, कारण पलीकडच्या पट्ट्यात भुईमूग भरत आला होता आणि ही नऊ जणं पोटभर खाऊन उद्या तिकडेच जाणार असं वाटत होतं. माझा राग तुम्हाला कळला होता हेही मला माहितीये, कारण दुसऱ्या दिवसापासून तुम्ही रात्री माझ्या ओट्यावर येऊन बसायला लागलात.

त्या पाच रात्री आपण काय काय बोललो! मी विचारलं ही इतकी सगळीकडे कशी झाली, तर तुम्ही जगभर फिरवून आणलंत. मूळचं हे जनावर युरोप, आशिया आणि उत्तर आफ्रिकेतलं, बाकी ठिकाणी माणसानेच नेलं. १४९३ च्या दुसऱ्या सफरीत कोलंबसने डुकरं कॅरिबियन बेटांवर उतरवली, १५३९ मध्ये हर्नांडो डी सोटो हा स्पॅनिश सेनानी आपल्या सैन्याच्या पोटासाठी फ्लोरिडात घेऊन गेला, १७८८ मध्ये वसाहत करायला आलेल्या पहिल्या इंग्रजी जहाजांबरोबर ऑस्ट्रेलियात पोचली. पाळीव डुक्कर मोकळं सुटलं की ते रानात निभावतं, काही पिढ्यांत केस राठ होतात, अंग सडपातळ होतं. आणि आजही काही लोक नुसती शिकारीची हौस म्हणून डुकरं गाडीत घालून नवीन भागात सोडून येतात, हे सांगताना मात्र तुमचा आवाज पहिल्यांदा चढला. "सोडणारा एका रात्रीत निघून जातो, निस्तरणारे पिढ्यान् पिढ्या निस्तरतात" असं म्हणालात.

बाराव्या रात्री फाटक्या कानाची आत आली. दारात किती तरी वेळ उभी होती, मागे गेली, परत आली, मग एकदम आत. अकराच्या अकरा. तरी तुम्ही लगेच पाडू दिलं नाहीत, ती दारापासून लांब, पार पलीकडच्या बाजूला जाऊन खाली मान घालेपर्यंत थांबवलंत, आणि मग नुसती मान हलवलीत.

पुढचं लिहायला जड जातंय पण ते सोडून दिलं तर हे पत्र खोटं होईल. पहाटे परवानगीतला माणूस आला आणि सगळं थोड्या वेळात संपलं. तुम्ही मला आधीच सांगितलं होतं, तू बघायलाच पाहिजेस असं नाही, पण जनावर ताटकळत ठेवायचं नाही, दिवस वर येऊन ते उन्हात जाळीवर धडका मारत बसलं तर ती आपली क्रूरता. त्यात छोटी पिल्लंही होती. मी घरात बसले होते आणि तुम्ही बाहेरून येऊन माझ्याजवळ बराच वेळ काही न बोलता बसलात. त्यांचा काही दोष नाही हे मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं, आणि तुम्हालाही तसंच वाटतं हे त्या दिवशी कळलं. त्यामुळेच मला तुमच्यावर विश्वास बसला.

नंतरची काळजीही तुमचीच. रबरी हातमोज्यांशिवाय कुणी हात लावायचा नाही, कापाकापी करणाऱ्याने डोळे झाकायचे, कारण ब्रुसेलोसिस, लेप्टोस्पायरोसिससारखे आजार डुकरापासून माणसाला होतात. कुत्र्याला कच्चं मांस अजिबात नाही, स्यूडोरेबीज हा डुकरांकडून येणारा आजार कुत्र्याला झाला तर तो वाचत नाही. मी तोपर्यंत कुत्रे खुशाल त्यांच्या अंगावर सोडत होते.

एकटा नर राहिला होता, त्याच्यासाठी झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेला हात किंवा नाक लागलं की विजेचा झटका देणारं यंत्र. दोन तारा, एक जमिनीपासून वीतभर आणि दुसरी गुडघ्याखाली, म्हणजे बरोबर नाकाडाच्या उंचीला, आणि तारेखालचं गवत दर आठवड्याला कापायचं नाहीतर करंट जमिनीत उतरतो. मी दोनदा आळस केला, दोन्ही वेळा तुम्ही स्वतः विळा घेऊन उभे होतात. त्याने एकदाच नाक लावलं, ते फोटोत आहे, परत आला नाही. तो पलीकडे गेला असणार हे खरंय, आणि म्हणूनच तुम्ही पलीकडच्या दोन्ही घरी जाऊन त्यांना तयार केलंत. ज्या दोघांचं बांधावरून इतकी वर्षं बोलणं नव्हतं ते आता एकाच कॅमेऱ्याचे फोटो एकमेकांना पाठवतात. डुकराला हद्द कळत नाही तर आपण एकेकट्याने किती धावणार, हे तुम्ही त्यांना कसं पटवलंत मला माहीत नाही, मला तर मका जाईपर्यंत पटलं नसतं.

तुम्ही माझ्याकडून काही घेतलं नाहीत. जाळी तुमची, खांब तुमचे, किती रात्रींची झोप तुमची. मी विचारलं तर म्हणालात "तुझ्या बाबांनी एकदा माझी विहीर उपसायला तीन दिवस दिले होते". मला हे बाबांनी कधी सांगितलंच नव्हतं. काका, डुकरांपेक्षाही मोठं काही तुम्ही मला त्या दिवशी दिलंत, ते नीट लिहिता येत नाहीये मला.

जाळीचे सगळे पॅनल धुऊन वाळवून ठेवलेत, दोन खांब वाकले होते ते सरळ करून घेतलेत. शनिवारी ते पलीकडच्या रानात जातील. यावेळी खांब आम्ही तिघं ठोकतो आणि रात्रीचा कॅमेरा मी बघते. तुम्ही गुडघा शेकत घरी बसा, दार पाडायच्या आधी फोन करेन. फाटक्या कानाच्या कुणी बाहेर नाहीत ना, ते मी स्वतः मोजेन.

तुमची,
ओढ्याकडच्या रानातली पोरगी