तक्रार पत्र : पट्ट्या अर्धवट असताना संगणक परस्पर रीस्टार्ट केल्याबाबत

मार्केट यार्ड, सांगली
दिनांक : १५ मार्च २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : अपडेटच्या नावाखाली चालू काम बंद पाडल्याबाबत

महोदय,

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका आडत दुकानात दिवाणजी आहे. दुकानातला संगणक आणि त्यातली तुमची प्रणाली, दोन्ही पावतीनं घेतलेलं आहे. बुधवारी, १२ मार्चला संध्याकाळी, तुमच्या प्रणालीनं कुणालाही न विचारता तो संगणक बंद करून पुन्हा चालू केला. त्याची ही तक्रार.

त्या दिवशी १९ शेतकऱ्यांचा माल होता. सकाळी सौदे झाले, दुपारी वजनं झाली आणि मी पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांना द्यायचे विक्रीचे हिशेब, करायला बसलो. हळदीची पट्टी म्हणजे एका ओळीचं बिल नव्हे. हळकुंड वेगळं, गड्डा वेगळा, दोन्हीचे भाव वेगळे. प्रत्येक पोत्याचं वजन काट्यावरच्या चिठ्ठीवरून उतरवायचं, त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा करायचं, मग शेतकऱ्याच्या हातात पट्टी द्यायची. ती पट्टी बघूनच तो सोसायटीचं कर्ज, मजुरी, घरखर्च ठरवतो. दुसऱ्या दिवशी होळी होती, त्यामुळे सगळ्यांनाच रात्रीच्या आत गाव गाठायचं होतं.

५ वाजून २० मिनिटांनी एका वजनाचा घोळ निस्तरायला मी काट्यावर गेलो. तोवर १२ पट्ट्या तयार होत्या, छापायच्या राहिल्या होत्या. वीस मिनिटांनी परत आलो तर पडद्यावर निळा रंग, गोल फिरणारे ठिपके आणि ‘संगणक बंद करू नका’ अशी सूचना. मी बंद केलाच नव्हता, तुम्ही केला होता. तो पुन्हा कामाला लागायला ६ वाजून २५ मिनिटं झाली. फाईल उघडली तर त्यात दुपारी तीनपर्यंतचंच काम होतं, १२ पैकी ५ पट्ट्या. मधे सेव्ह केलं नाही ही चूक माझी, ती मी मान्य करतो. पण सेव्ह न केलेली फाईल उघडी आहे हे तुमच्या प्रणालीला दिसत होतं, तरी तिनं पुढचं पाऊल टाकलं.

समोरच्या बाकावर अथणीकडचे एक काका बसले होते. त्यांची बोटं हळदीनं नखांपर्यंत पिवळी झालेली. त्यांनी दिलेल्या काट्याच्या चिठ्ठ्यांवर अंगठ्याचे पिवळे ठसे होते, त्याच चिठ्ठ्या मी पुन्हा एकेक करून समोर धरल्या. त्यांचा टेम्पोवाला दोनदा आत येऊन गेला आणि शेवटी बाकीची माणसं घेऊन निघून गेला. काका काही बोलले नाहीत, घरी फोन करून ‘उद्या येतो’ म्हणाले आणि रात्री दुकानातच पोत्यांवर झोपले. होळीच्या आदल्या रात्री.

शेवटची पट्टी सव्वादहाला झाली. सकाळी फेरतपासणी केली तेव्हा कळलं की घाईत एका शेतकऱ्याची दोन पोती धरायची राहिली होती. मी लगेच फोन केला, रक्कम भरून दिली. पण ३१ वर्षं हे काम करतोय, आधी हातानं, मग संगणकावर, आणि माझ्या हातून चुकीची पट्टी बाहेर गेलेली मला आठवत नाही. हे मला फार लागलं आहे.

तुमच्या हेल्पलाइनवर मला सांगण्यात आलं की ‘कामाच्या वेळेत’ रीस्टार्ट होत नाही. आमच्या दुरुस्तीवाल्या मुलाकडून सेटिंग उघडून घेतली. तिथे माझी कामाची वेळ सकाळी ८ ते संध्याकाळी ५ अशी आधीच भरलेली होती. ही वेळ कुणी ठरवली? हंगामात यार्डातला दिवस ५ वाजता संपत नाही, खरं म्हणजे पट्ट्यांचा जोर त्यानंतरच असतो. ही सेटिंग आहे हेच मला ठाऊक नव्हतं, कारण संगणक घेताना कुणी सांगितलं नाही आणि पडद्यावरही कधी विचारलं गेलं नाही.

अपडेटच नकोत असं माझं म्हणणं नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसनं जगभरातले संगणक कुलूपबंद केले, इंग्लंडमधल्या दवाखान्यांना रुग्ण परत पाठवावे लागले. त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती, ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले. दुकानात शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक आहेत, त्यामुळे मला या गोष्टीची काळजी तुमच्याइतकीच आहे. पण बुधवारनंतर काय झालं ते ऐका. शेजारच्या दोन दुकानांनी त्याच मुलाला बोलावून अपडेट कायमचे बंद करून घेतले. मलाही तो तेच म्हणत होता, मी नको म्हणालो. माणसाला छळून तुम्ही त्याला अपडेटपासून पळवून लावत आहात. उद्या व्हायरस आला तर ही दुकानं आधी जातील.

आमच्याकडे लाईट जाते तेव्हा यूपीएस टीं टीं वाजतो, सेव्ह करायला दहा मिनिटं मिळतात. कृष्णेची पातळी आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर गेली की इशारा मिळतो, ४५ ला धोका. २०१९ च्या महापुरात गावभागातल्या माझ्या घरात पाणी आलं, पण आधी कळलं म्हणून दप्तर माळ्यावर चढवता आलं. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूकडून मला एवढीही सूचना मिळू नये?

माझी मागणी अशी. उघड्या फाईलमध्ये सेव्ह न झालेलं काम असेल तर समोरच्या माणसानं ‘हो’ म्हटल्याशिवाय रीस्टार्ट करू नका, मग घड्याळात कितीही वाजलेले असोत. माणूस जागेवर नसेल तर थांबा. कामाची वेळ पहिल्याच दिवशी मराठीत विचारा. अपडेटला साधारण किती मिनिटं लागतील आणि किती एमबी खर्च होतील ते आधी सांगा, कारण ब्रॉडबँड बंद पडलं की आम्ही मोबाइलचं नेट जोडतो आणि मागच्या महिन्यात दिवसाचा सगळा डेटा तुमच्या एका डाउनलोडनं सकाळी अकरालाच संपवला होता.

मला भरपाईचे पैसे नकोत. वरच्या प्रत्येक मागणीवर काय करणार, हे १५ दिवसांत लेखी कळवा. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन. ‘आपली तक्रार महत्त्वाची आहे’ असं छापील उत्तर पाठवू नका, ते गुरुवारीच आलं आहे.

आपला ग्राहक,
दिवाणजी, आडत दुकान

सोबत : खरेदीची पावती, सेटिंगच्या पानाचा फोटो, १२ मार्चच्या काट्याच्या चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स